हिरवळीखालचे भाडेकरू

सहकारनगरमध्ये, तळजाईच्या पायथ्याशी आमचे जुने, बसके घर आहे. मागे थोडी मोकळी जागा आणि तिच्यात वीस बाय तीस फुटांची हिरवळ. २०१९ च्या कोजागरीच्या सुमारास चार दिवस गावी जाऊन परतलो आणि मागचे दार उघडले, तर हिरवळीची अक्षरशः चाळण झालेली होती. मधोमध तीस-चाळीस लहान खड्डे, काही ठिकाणी गवताचे ठिगळ उपटून उलटे टाकलेले, आणि कुंपणाच्या भिंतीलगत भुसभुशीत मातीचे तीन ढीग.

पुण्यात अशा वेळी सल्ल्याला तोटा नसतो. शेजारचे निवृत्त बँक अधिकारी भिंतीवरूनच म्हणाले, "घुशी आहेत. औषध टाका, आठवड्यात संपतील." आमच्या माळीकाकांचे मत वेगळे पडले. तळजाईवरून साळिंदर उतरले असणार, असे त्यांना वाटत होते. घरकामाच्या मावशींनी सकाळी मुंगूस पाहिले होते. पण मुंगूस दिसणे शुभ, ते कशाला नासधूस करील, असा त्यांचा युक्तिवाद. मी तिघांचे ऐकले आणि सगळ्यात सोप्या सल्ल्यावर, म्हणजे औषधावर, विश्वास ठेवला. ती चूक होती. ती कशी आणि किती मोठी होती, हे समजून घेताना जे वाचले, पाहिले आणि वहीत टिपून ठेवले, ते या लेखात मांडतो आहे.

डुकरासारखा उंदीर

आधी ज्याच्यावर पहिला संशय जातो त्याची ओळख करून घेऊ. घूस म्हणजे मोठा झालेला उंदीर, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. घरातला काळा उंदीर आणि घूस हे वेगळ्या प्रजातींचे प्राणी आहेत. आपल्याकडे घुशींचे दोन प्रकार आढळतात. मोठी घूस, शास्त्रीय नाव बँडिकोटा इंडिका, शेपूट वगळता फूटभर लांब आणि वजनाला किलोच्या आसपास जाऊ शकते. लहान घूस, बँडिकोटा बेंगालेन्सिस, तिच्या निम्म्याहूनही कमी वजनाची, पण खोदण्यात आणि पिलावळ वाढवण्यात तिच्यापेक्षा वरचढ. शेतात, धान्याच्या गोदामांत आणि शहरांच्या गटारांलगत जिचा सुळसुळाट असतो ती बहुधा ही लहान घूस.

'बँडिकूट' हा इंग्रजी शब्द मूळचा आपल्या शेजारचा. तेलुगूत 'पंदि' म्हणजे डुक्कर आणि 'कोक्कु' म्हणजे उंदीर. डिवचली की घूस अंगावरचे राठ केस ताठ उभे करते आणि डुकरासारखी गुरगुरते, हे ज्याने ऐकले आहे त्याला हे नाव पटेल. हाच शब्द युरोपीय लोकांनी पुढे ऑस्ट्रेलियात नेला आणि तिथल्या लांब नाकाच्या, पिलांसाठी पोटाला पिशवी असलेल्या एका अगदी वेगळ्या प्राण्याला चिकटवला. गंमत म्हणजे सिडनीचे रहिवासीही आज 'बँडिकूट आमचे लॉन उकरतो' अशी तक्रार करतात. तिथला बँडिकूट किडे आणि अळ्यांसाठी निमुळते खड्डे करतो. नाव एक, प्राणी दोन, आणि तक्रार एकच. हा धागा पुढे उपयोगी पडणार आहे.

घुशीचे घर पाहण्यासारखे असते. जमिनीखाली फांद्या फुटलेली बोगद्यांची रचना, त्यात पिलांची खोली, साठवणीची खोली, आणि बाहेर पडायला एकाहून अधिक तोंडे. आत असताना घूस पुष्कळदा तोंड मातीने बुजवून घेते. धान्य साठवण्याची तिची सवय इतकी पक्की आहे की सुगीनंतर शेतातली बिळे खणून त्यांतले धान्य काढणे हा अनेक गरीब कुटुंबांचा आधार होता. जुन्या वाड्यांच्या जाड मातीच्या भिंती आणि पाया पोखरणारी घूस आपल्या आजी-आजोबांना पाठ होती. वाडे गेले, इमारती आल्या. घूस गटारांच्या आणि ओढ्यांच्या काठाने आपल्या सोबत राहिली.

कालवा फुटला त्या दिवशी

२७ सप्टेंबर २०१८ रोजी सकाळी पर्वतीजवळ, दांडेकर पुलाच्या परिसरात मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या खडकवासला धरणातून निघणारा हा कालवा शहराच्या पोटातून जातो. रस्त्यांच्या नद्या झाल्या आणि वस्तीतल्या शेकडो घरांत पाणी शिरले. तेव्हाचे जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांनी घुशी, उंदीर आणि खेकड्यांनी कालवा पोखरल्याचे कारण दिले आणि त्या विधानाची पुण्यात यथेच्छ टिंगल झाली. पुढच्याच वर्षी, २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, अनेकांचे प्राण गेले, आणि जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांना जबाबदार धरले. त्यावर खेकड्यांविरुद्ध तक्रार नोंदवण्याची उपरोधिक आंदोलनेही झाली.

जबाबदारी झटकण्यासाठी प्राण्यांचे नाव पुढे करणे हास्यास्पद आहे, यात शंका नाही. पण त्या हसण्यात एक खरी गोष्ट वाहून गेली. मातीच्या बांधात बिळे पडली की पाण्याला वाट मिळते. पाणी त्या वाटेने झिरपते, झिरपताना मातीचे कण सोबत नेते, वाट रुंदावते, आणि एका क्षणी बांध आतून बसतो. नेदरलँड्ससारख्या समुद्रसपाटीखालच्या देशात बांध पोखरणाऱ्या मस्करॅट या कृंतकाला पकडण्यासाठी सरकारी पगारावर माणसे नेमलेली असतात, ती याच भीतीने. तेव्हा बिळे धोकादायक असतात हे खरे, आणि ती वेळीच शोधून बुजवणे हे बांधाच्या मालकाचे काम, हेही तितकेच खरे. घुशीला नोटीस बजावता येत नाही.

हा धडा शहराला मिळाला होता, मला नव्हता. भिंतीलगतची बिळे पाहून मी काय करावे? नळाला पाइप जोडला आणि तासभर पाणी सोडले. घूस बाहेर आली नाही. पंधरा दिवसांनी भिंतीलगतच्या तीन फरश्या खचल्या आणि भिंतीला करंगळी जाईल एवढी तिरपी भेग पडली. कालव्यात घुशींनी जे सुरू केले असेल-नसेल, ते माझ्या अंगणात मी स्वतःच्या हाताने पूर्ण केले होते. बिळात पाणी सोडणे हा घरोघरी केला जाणारा उपाय आहे. इमारतीच्या किंवा भिंतीच्या पायाशी तो कधीही करू नये.

वडी आणि घुबड

त्यानंतर मी औषध आणले. ब्रोमाडिओलोनच्या मेणचट वड्या कुठल्याही दुकानात मिळतात. हे औषध जीवनसत्त्व 'के'चे काम अडवते. रक्त गोठत नाही, आणि आतल्या आत रक्तस्राव होऊन प्राणी मरतो. पण लगेच नाही, काही दिवसांनी. मधल्या काळात उंदीर किंवा घूस मलूल होऊन उघड्यावर, दिवसाउजेडीही फिरते. म्हणजे शिकारी पक्ष्याला आणि मांजराला आयते सावज.

डिसेंबरात आमच्या पाण्याच्या टाकीमागे एक गव्हाणी घुबड मरून पडलेले मिळाले. अंगावर मांजा नव्हता, जखम नव्हती. ते माझ्या वड्यांमुळेच मेले असे मी सिद्ध करू शकत नाही. आजूबाजूच्या किमान चार घरांत तेच औषध होते. पण ते माझ्यामुळे मेले नाही, असेही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. पांढऱ्या, हृदयाच्या आकाराच्या चेहऱ्याचे हे घुबड मुख्यतः उंदीर, घुशींची पिले आणि चिचुंद्र्यांवर जगते. एक जोडी पिले वाढवत असते तेव्हा रात्रीतून अनेक उंदीर घरट्यात नेते. आम्ही सगळ्यांनी मिळून औषधावर पैसे खर्च केले आणि फुकटात काम करणारा गडी मारला.

दिवाळीच्या अंकात हे सांगायला आणखी एक कारण आहे. घुबड हे लक्ष्मीचे वाहन मानले जाते आणि नेमके याच दिवसांत अंधश्रद्धेपोटी घुबडांची चोरटी शिकार आणि विक्री वाढते, असे वन्यजीवांच्या व्यापाराचा अभ्यास करणारे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. याच्या उलट बाजूचे कामही आपल्या जिल्ह्यातच झाले. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावी इला फाउंडेशनने २०१८ मध्ये घुबडांचा उत्सव भरवला आणि शाळकरी मुलांनी घुबडांची चित्रे काढली, मुखवटे केले. ज्या पक्ष्याला आपण अशुभ म्हणून हाकलतो, तो शेतकऱ्याचे धान्य राखतो, हे त्यातून मुलांपर्यंत पोचले.

खड्ड्याची लिपी

मार्च २०२० मध्ये सगळे घरात बंद झालो. मागच्या खिडकीत खुर्ची टाकून मी पहिल्यांदाच हिरवळीकडे सलग पाहू लागलो. एका सकाळी साडेसातच्या सुमारास मुंगूस आले. नाक जमिनीला लावून दोन पावले चालले, थांबले, पुढच्या पायांनी भराभर उकरले, तोंड खाली घातले आणि एक पांढरी, लठ्ठ अळी ओढून काढली. आदल्या ऑक्टोबरातले मधले खड्डे कुणाचे होते, याचा उलगडा तेव्हा झाला. भिंतीलगतचे ढीग घुशीचे आणि हिरवळीतले खड्डे मुंगसाचे. दोन वेगळे गुन्हे मी एकाच आरोपीच्या नावावर लिहिले होते.

त्यानंतरच्या वर्षांत ही लिपी मी थोडीफार वाचायला शिकलो. ढोबळ मानाने ती अशी.

भुसभुशीत मातीचा ढीग आणि जवळच मूठ जाईल एवढे गोल तोंड, भिंत, फरशी किंवा चेंबरच्या कडेला, म्हणजे घूस. ती निशाचर आहे, त्यामुळे ताजी माती सकाळी दिसते.

दोन-तीन इंच खोल, वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा, माती एका बाजूला फेकलेली, आत पुढे बोगदा नाही, म्हणजे अळ्या शोधणारे मुंगूस. असे खड्डे दिवसा, बहुधा सकाळी पडतात.

बोट जाईल एवढी टोचलेली भोके आणि चिचुंद्रीचा उग्र वास. चिचुंद्री उंदीर नव्हे. ती कीटकभक्षी आहे आणि बागेतल्या किड्यांवरच जगते. तिला मारणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

पेन्सिलीच्या जाडीची, खूप जवळजवळची छिद्रे म्हणजे हुदहुद किंवा साळुंक्या. एक-दोन पसरट, अंग मावेल एवढे खड्डे, तेही उन्हाळ्यात, म्हणजे गार मातीत पहुडायला आलेला कुत्रा. उथळ उकरून पुन्हा माती लोटलेली असेल, तर मांजर.

गवताची अख्खी पट्टी नांगरल्यासारखी उलटवलेली, सोबत दुभंगलेल्या खुरांचे ठसे, हे रानडुकराचे काम. कंद आणि मुळांसाठी खोल खड्डा, कुरतडलेल्या खोडावर रुंद दातांच्या खुणा आणि नशिबाने एखादा काटा, हे साळिंदराचे. पुण्याच्या जुन्या वस्तीत ही दोन्ही दुर्मीळ. मुळशी, भोर, वेल्ह्याकडच्या फार्महाउसवर नेहमीची.

पाश्चात्त्य बागकामाच्या पुस्तकांत लॉन उकरणाऱ्या 'मोल' नावाच्या प्राण्यावर प्रकरणेच्या प्रकरणे असतात. दख्खनमध्ये मोल नाही. त्यामुळे त्या पुस्तकांतून आलेले सापळे आणि गोळ्या आपल्या उपयोगाच्या नाहीत.

शंका राहिली तर दोन साधे प्रयोग करावेत. पहिला शेतकऱ्यांचा जुना. संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवायची. सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत. दुसरा दिवाळीच्या दिवसांत प्रत्येक घरी करता येईल असा. खड्ड्यांच्या वाटेवर रांगोळीचा पातळ थर चाळणीने पसरायचा आणि सकाळी पावले वाचायची. घुशीच्या पावलांमधून अनेकदा शेपटीची रेघ ओढलेली दिसते, मांजराच्या पावलात नख्या उमटत नाहीत, मुंगसाच्या पावलात लांब नख्यांचे टिंब दिसतात.

वरून नव्हे, खालून

आता मूळ प्रश्न. मुंगूस माझ्याच हिरवळीत का आले? उत्तर त्या पांढऱ्या अळीत होते, आणि ती अळी मी स्वतः पैसे देऊन आणली होती.

मे २०१९ मध्ये हिरवळीला नवी उभारी द्यायची म्हणून एका गोठ्यातून मी टेम्पोभर शेणखत आणले. ते नीट कुजलेले नव्हते. अशा खतात गेंड्या भुंग्याच्या अळ्या असतात. अंगठ्याएवढ्या जाड, इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या. या अळ्या कुजका पाला आणि शेण खातात. गवताच्या मुळांना त्या फारसे काही करत नाहीत. नुकसान होते ते त्यांच्या वासाने येणाऱ्याच्या नखांनी.

दिसायला त्यांच्यासारखीच, पण लहान आणि खरोखर मुळे खाणारी अळी म्हणजे हुमणी. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या ऊस उत्पादकाला हे नाव नव्याने सांगावे लागत नाही. वळवाचा पाऊस पडला की तपकिरी भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब आणि बाभळीवर जमतात, आणि मग जमिनीत अंडी घालतात. अळ्या जुलैपासून मुळांवर वाढतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पुरत्या पोसतात. म्हणजे ज्या दिवसांत आपण दिवाळीसाठी हिरवळ कापून नीट करतो, नेमक्या त्याच दिवसांत तिच्याखाली ताट वाढलेले असते. कोजागरी आणि खड्डे यांचा मेळ असा बसतो.

जगभर हेच चित्र आहे. इंग्लंडमध्ये बिज्जू, म्हणजे बॅजर, लॉन उलटवतो तो भुंगेऱ्यांच्या अळ्यांसाठी. अमेरिकेत हेच काम रॅकून आणि स्कंक करतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या सेडोना इथल्या एका गोल्फ मैदानाची जेवेलिना या डुकरासारख्या प्राण्यांच्या कळपाने केलेली दशा जगभर पाहिली गेली. कोरड्या वाळवंटी मुलखात पाणी देऊन पोसलेला हिरवा पट्टा, आणि त्याच्याखाली गांडुळे व अळ्या. प्राण्यांनी दुसरे काय करावे?

आपली हिरवळही अशीच परकी आहे. वाड्याच्या चौकात फरसबंदी किंवा शेणाने सारवलेली जमीन असे. कापलेल्या गवताचे अंगण पुण्यात आणले ते लष्करातल्या बंगल्यांनी. गवत मात्र पुष्कळदा आपलेच. लॉनसाठी वापरले जाणारे 'बर्म्युडा' गवत म्हणजे हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. वर गजाननाची दूर्वा आणि खाली त्याचा मूषक, असा हा संसार आहे. आपण त्याला उन्हाळाभर पाणी देतो, खत घालतो, माती मऊ ठेवतो. तळजाईची टेकडी एप्रिलमध्ये दगडासारखी तापलेली असताना आमच्या मागच्या अंगणात ओली, मऊ, अळ्यांनी भरलेली माती असते.

घुशीचे कारण वेगळे. ती गवतासाठी येत नाही, अन्नासाठी आणि आडोशासाठी येते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर, सहकारनगरच्या सखल भागात काय झाले, हे पुणेकर विसरलेले नाहीत. ओढ्याकाठची बिळे त्या रात्री पाण्याखाली गेली असणार आणि वाचलेल्या घुशी वर सरकल्या असणार, असा माझा तर्क आहे. आमच्याकडे ढीग दिसले ते त्यानंतर तीनच आठवड्यांनी. पण त्या आल्या आणि राहिल्या, याचे कारण पूर नव्हे. कुत्र्यासाठी रात्रभर बाहेर असलेली ताटली, शेजारच्या गच्चीवरून कबुतरांना टाकलेले दाणे, झाकण फुटलेले चेंबर आणि भिंतीलगत मी रचून ठेवलेल्या जुन्या विटा, ही कारणे आमची होती.

मग करायचे काय?

खाली दिलेली यादी पुस्तकी नाही. यातले बहुतेक मी आधी चुकीच्या क्रमाने करून पाहिले आहे.

पहिले काम, माती तपासणे. खड्डे पडलेल्या जागी फूटभर लांब-रुंद चौकोन खुरप्याने चार इंच खोल कापून उचलावा. गवत गालिच्यासारखे अलगद सुटून आले आणि खाली पाच-सहा वळलेल्या अळ्या दिसल्या, तर हुमणी आहे. एखाद-दुसरी अळी असेल, तर काही करायची गरज नाही. मुंगसाला ती खाऊ द्यावी आणि गवत पायाने दाबून पाणी द्यावे. आठवड्यात धरते.

हुमणी जास्त असेल, तर मेटारायझियम नावाची उपयुक्त बुरशी पावसाळ्याच्या सुरुवातीला, अळ्या लहान आणि माती ओली असताना द्यावी. ऑक्टोबरात पोसलेल्या अळीवर तिचा तेवढा परिणाम होत नाही. वळवाच्या पावसानंतरच्या संध्याकाळी अंगणातल्या कडुनिंबाच्या फांद्या हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे, हा शेतकऱ्यांचा सामुदायिक उपाय बंगल्यातही चालतो.

शेणखत आणाल तर काळे, भुसभुशीत, वास गेलेले आणा. आणल्यावर लगेच पसरू नका. मे महिन्याच्या उन्हात ताडपत्रीवर दोन दिवस पातळ थर करून ठेवा. साळुंक्या आणि कावळे त्यातल्या अळ्या टिपून देतात. माझ्याकडे २०२१ पासून हेच होते आणि मधले खड्डे तुरळक झाले आहेत.

पाणी संध्याकाळी न देता पहाटे द्यावे. रात्रभर ओली राहिलेली हिरवळ गांडुळांना वर आणते आणि त्यांच्यामागे बाकीच्यांना.

घुशींसाठी आधी घर बंद करावे, मग त्यांचा विचार. ताटल्या रात्री आत, ओला कचरा झाकणाच्या डब्यात, कंपोस्टच्या खड्ड्याच्या तळाला आणि बाजूंना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी. चेंबरची झाकणे आणि पावसाळी पाइपांची तोंडे बंद करावीत. जिवंत बिळे विटांचे तुकडे, खडी आणि सिमेंट मिसळलेल्या मातीने ठासून भरावीत. भिंतीलगत दीड-दोन फूट खोल जाळी गाडावी आणि तिचे खालचे टोक बाहेरच्या बाजूला आडवे वळवावे. खोदत आलेली घूस त्या आडव्या पट्टीवर अडते. खर्च एकदाच होतो.

डांबरगोळ्या, मिरचीपूड, आवाजाची यंत्रे यांनी दोन-चार दिवस फरक वाटतो, मग प्राणी सरावतात. शिवाय डांबरगोळ्या मुलांना आणि मातीला घातक.

पिंजऱ्यात पकडून तळजाई किंवा वेताळ टेकडीवर सोडून येणे ही पुणेरी भूतदया वाटली तरी दया नाही. अनोळखी जागी तो प्राणी बहुधा मरतो, नाही तर शेजारच्या वस्तीत शिरतो, आणि आपले रोग सोबत नेतो.

औषध वापरावेच लागले, तर ते बिळाच्या आत, खोल घालून तोंड बुजवावे. उघड्यावर कधीच नाही. मेलेले प्राणी शोधून पुरावेत. कुत्र्याने वडी खाल्ल्याचा संशय असेल, तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे आणि औषधाचे वेष्टन सोबत न्यावे. ब्रोमाडिओलोनवर जीवनसत्त्व 'के' हा उतारा आहे. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच. त्यांच्या वायूने माणसे दगावतात.

बिळांच्या आसपास काम करताना हातमोजे आणि गमबूट घालावेत. घुशींच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू ओल्या मातीत उतरतात आणि कातडीवरच्या चिरेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या रोगाने काय केले, ते आठवावे. चिखलात काम केल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे.

आणि कायद्याचे. मुंगूस वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला मारणे, पकडणे, पाळणे हा गुन्हा आहे. रानडुक्कर आणि साळिंदर यांनाही परवानगीवाचून हात लावता येत नाही. शहराच्या कडेच्या जागेवर डुकरे येत असतील, तर जमिनीत गाडलेली जाळी किंवा सौर कुंपण हा मार्ग आहे. कुंपणात घरातली वीज सोडणे बेकायदा तर आहेच, पण त्याने दर वर्षी माणसेही मरतात. मोठा प्राणी आवारात अडकला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि गर्दी होऊ देऊ नये. ९ डिसेंबर २०२० रोजी कोथरूडच्या महात्मा सोसायटीत शिरलेला गवा माणसांच्या पाठलागाने आणि धावपळीने गेला. त्याने कुणाचे अंगणही उकरले नव्हते.

शेवटी

यातला कुठलाही उपाय एका घरापुरता पुरत नाही. माझी बिळे मी बुजवली तर घूस शेजाऱ्याकडे जाते, त्याने औषध टाकले तर माझ्या छपरावरचे घुबड मरते. आमच्या गल्लीतल्या अकरा घरांनी २०२२ च्या उन्हाळ्यात एकाच आठवड्यात चेंबरची झाकणे बदलली आणि वड्या टाकणे थांबवायचे ठरवले. निवृत्त बँक अधिकारी शेवटपर्यंत तयार नव्हते. त्यांच्या हिरवळीचा चौकोन कापून अळ्या दाखवल्या, तेव्हा कबूल झाले; पण "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" असे मलाच विचारून.

घुशी पूर्ण गेल्या, असे मी म्हणणार नाही. भिंतीच्या भेगेत सिमेंट भरले आहे आणि दर पावसाळ्यानंतर मी तिच्यावर पेन्सिलीने तारीख टाकतो. अजून ती रुंदावलेली नाही. या वर्षी कोजागरीच्या आसपास हिरवळीत सात खड्डे मोजले, सगळे निमुळते, सकाळचे. मी ते पायाने दाबले आणि पाणी दिले.

गेल्या महिन्यात रात्री गच्चीवर उभा असताना पाण्याच्या टाकीवरून एक पांढरा पक्षी आवाज न करता निघून गेला. नवे घुबड असावे. यंदा लक्ष्मीपूजनाच्या रांगोळीतून थोडी वाचवून मागच्या पायरीपाशी पसरणार आहे. देवीची पावले उमटतील न उमटतील. बाकी कोण येऊन गेले, ते सकाळी कळेल.